हरलेल्यांचं कापड

मतमोजणी संपली की भिलाईतल्या आमच्या सेक्टरमधली माणसं विजयाची मिरवणूक बघायला मोठ्या रस्त्याकडे धावत. आमच्या शेजारच्या काकू मात्र पायात चपला सरकवून पडलेल्या उमेदवाराच्या घराची वाट धरत. सांत्वनासाठी नव्हे, त्याचे कापडी फलक मागायला. "जितलेल्याचं कापड उतरवाले त्याचे मानसं असतात," त्या म्हणायच्या. "हरलेल्याच्या दारात कोनी जात नाही. ते कापड तसंच लोंबून लोंबून सडते." कॉलनीत त्यांचं नावच बॅनरकाकू पडलं होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी लग्न होऊन नागपूरहून भिलाईला आले. माझे यजमान पोलाद कारखान्यात क्लार्क, आणि आमच्या क्वार्टरला भिंत लागून काकूंचं क्वार्टर. काकू मूळच्या तुमसरकडच्या. त्यांच्या यजमानांना सगळे भाऊ म्हणत. ते कारखान्याच्या कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर, शिफ्ट ड्यूटी करत. एकुलती एक मुलगी गोंदियाला दिलेली. मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून सोड्याचा वास आला म्हणून डोकावले, तर शेगडीवर मोठं पातेलं, आणि त्यात कुणाचं तरी आडनाव उकळत होतं. काकू ते काठीनं खालीवर करत होत्या. "मांजरपाट एक नंबर हाये," त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या. "रंग गेला का याच्या चार उश्या होतात."

रंग नेहमी जायचाच असं नाही. भाऊंच्या एका पायजम्याच्या डाव्या पायावर 'भारी मतों से' ही अक्षरं शेवटपर्यंत राहिली. भाऊ तोच पायजमा घालून संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "घरात माह्यं मत कोनी विचारत नाही. पायजम्यावर तेवढं भारी मत हाये."

थैल्या, उशा, शिलाईयंत्राचं झाकण, पापड वाळवायची चादर, काकू सगळं शिवत. पण विचारल्याशिवाय त्यांनी एक चिंधीही कधी उतरवली नाही. खांबावरून लोंबणारा फलक खुशाल काढून घ्यावा, कोण विचारतंय, असं मी एकदा म्हटलं. त्यांनी मान हलवली. "न मागता नेलं तं चोरी झाली. मागून नेलं तं त्याचा मान राहिला. हरलेल्या मानसाजवळ देन्यासारखं काईतरी हाये, हे त्याले समजू दे ना."

पुढे एका निवडणुकीच्या वर्षी कारखान्याचं बांधकाम वाढत होतं आणि खुर्सीपार वस्तीच्या बाजूला एक लांब भिंत उभी राहत होती. काकू तिकडच्या बाजारात दोरा-बटणं आणायला जात. एका दुपारी त्या घरी परतल्या त्या घामानं निथळत, आणि पाणीही न पिता माझ्या दारात बसल्या. ठेकेदाराकडे विटा वाहणाऱ्या रेजा, म्हणजे मजूर बाया, तान्ही लेकरं गिट्टीच्या ढिगाशेजारी फडक्यावर निजवून कामाला जात. त्या दिवशी विटांचा ट्रॅक्टर मागे येत होता. ड्रायव्हरला मागचं दिसत नव्हतं. सुकवारो नावाच्या रेजाची सहा महिन्यांची मुलगी चाकापासून हातभर अंतरावर होती. काकूंनी हातातली पिशवी फेकली आणि पोर उचललं.

"आन् सुकवारोनं काय केलं सांगू?" काकू म्हणाल्या. "पोरगी पाहिली, छातीशी धरली, आन् पुन्हा तिथंच निजवून घमेलं उचललं. दुसरी जागाच नाही तिले. कुठं ठेवील?"

उठताना म्हणाल्या, "मले झोळ्या शिवा लागते. दहा-बारा. लय कापड लागन."

एवढं कापड एकाच माणसाकडे होतं. शेजारच्या दुर्ग शहरात, पद्मनाभपुरात राहणारे एक वकील त्या निवडणुकीत अपक्ष उभे होते. निशाणी छत्री. अनामत रक्कमसुद्धा गेली होती, आणि निकालापासून ते घराबाहेर पडले नव्हते, असं लोक हसून सांगत. काकूंनी मला सोबत चल म्हटलं. मला फार संकोच वाटत होता. अशा माणसाच्या दारात काय तोंडानं उभं राहायचं? रिक्षात मी दोनदा म्हटलं, परत जाऊ या. काकूंनी ऐकलं नाही.

वकीलसाहेबांनीच दार उघडलं. दाढी वाढलेली. व्हरांड्यात कापडाच्या घड्यांचा ढीग आणि बांबू, कित्येक घड्या तर उलगडल्याच नव्हत्या.

"कापड पाहिजे होतं, साहेब," काकू म्हणाल्या.

"माझ्या नावाचे पोतेरे करायला?"

"पोतेऱ्याले आमच्या घरी जुनं धोतर हाये," काकू शांतपणे म्हणाल्या. "हे लेकरं निजवाले पाहिजे. मजबूत लागते." आणि त्यांनी ट्रॅक्टरची सगळी हकिगत सांगितली.

वकीलसाहेब ऐकत राहिले. मग वळून आत गेले. मला वाटलं, संपलं. पण ते पत्नीला घेऊन बाहेर आले आणि दोघांनी मिळून घड्या रिक्षात भरायला सुरुवात केली. "बांबू उद्या पाठवतो," एवढंच ते म्हणाले.

काकूंनी चार दिवस यंत्रावरचा पाय थांबवला नाही. दुहेरी शिवण, कोपऱ्यांना तिहेरी. या वेळी कापड उकळलं नाही. सोड्यानं धागा कमजोर होतो म्हणाल्या. भाऊंनी ड्यूटीवरून येऊन तीन-तीन बांबू तिवईसारखे एकत्र बांधले. खुर्सीपारला भिंतीपासून दूर झोळ्या टांगल्या आणि वर एक लांब कापड सावलीला बांधलं. त्यावर ओळीनं छत्र्या होत्या. सुकवारोनं मुलीला झोळीत घातलं, दोन झोके दिले, आणि वाकून बघत ती म्हणाली, "काकी, मोर नोनी तो सुत गे!" म्हणजे, माझी पोर तर झोपली! कामावर परत जाताना ती तीनदा मागे वळून हसली.

संध्याकाळी मुकादम आला. "ये झूला-झूली हटाओ यहाँ से," म्हणून ओरडला. काकूंनी एक जागं पोर उचललं आणि त्याच्या हातात दिलं. "हटाते हैं भैया. तब तक इसको पकड़ो." दोन्ही हात पुढे ताठ धरून मुकादम तसाच उभा राहिला. पोरानं त्याच्या मिशीला हात घातला. चारी बाजूंच्या रेजा तोंडाला पदर लावून हसू लागल्या, आणि तो विषय त्या दिवसापुरता मिटला.

कायमचा मिटवला वकीलसाहेबांनी. आठवड्याभरानं ते स्वतः तिथे आले. दाढी केलेली, पांढरा शर्ट. मी त्या दिवशी काकूंबरोबर होते. ते एकेका झोळीजवळून गेले. एका झोळीवर त्यांचं पूर्ण नाव होतं आणि आत एक बाळ मूठ चोखत होतं. ते तिथे थांबले.

"मत मागायला मी याच रस्त्यानं गेलो होतो," ते म्हणाले. "हात जोडत, जीपमधून. ही पोरं मला दिसलीच नाहीत."

काकू म्हणाल्या, "जीप उंच असते, साहेब."

इतक्या बाया कामावर असल्या तर ठेकेदारानं पाळणाघर द्यायलाच हवं, असा कायदा असल्याचं आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. त्यांनी अर्ज लिहिले, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, ठेकेदाराच्या ऑफिसात जाऊन बसले. पावसाळा गेला, हिवाळा गेला. मग एक पक्की खोली उभी राहिली, पत्र्याच्या छपराची, आत लोखंडी पाळणे आणि पाण्याचा माठ. मुलं सांभाळायला पगारी बाई हवी होती. वकीलसाहेबांनी काकूंचं नाव सुचवलं. काकूंनी सुकवारोचं सांगितलं. "मले लेकरं आवडतात, पन लेकराच्या जिवाचं भेव तिले माहीत हाये," त्या म्हणाल्या.

झोळ्या उतरवल्या त्या दिवशी काकूंना वाईट वाटेल म्हणून मी चहा घेऊन गेले. त्या अंगणात उभ्या राहून झोळ्यांच्या शिवणी उसवत होत्या. "बरं झालं, याची गरज सरली," म्हणाल्या. "आता याच्या दुलया करतो. थंडीत लागन तिथं."

पुढे पाच-सहा वर्षांनी भाऊ रिटायर झाले. क्वार्टर सोडायचं होतं. सामान आदल्या दिवशी ट्रकनं गेलं आणि आम्ही त्यांना पोचवायला दुर्ग स्टेशनवर गेलो. वकीलसाहेब सपत्नीक आले होते. तोपर्यंत ते मजुरांचेच वकील म्हणून ओळखले जात आणि पुन्हा निवडणुकीला मात्र कधी उभे राहिले नाहीत. खुर्सीपारच्या पाच-सहा जणी आल्या होत्या. त्यांनी काकूंच्या ओटीत तांदूळ घातले.

गाडी आली. भाऊ आत चढले. काकू दारात उभ्या राहून गर्दीत कुणाला तरी शोधत होत्या.

"सुकवारो नाही आली?" त्यांनी मला विचारलं.

सकाळीच मी तिला काकू निघाल्याचं सांगायला गेले होते. पाळणाघरात एकवीस मुलं होती. एकाला ताप होता, ते तिच्या खांद्यावर होतं. ती रडली होती, पण हलली नाही.

"तिची ड्यूटी आहे, काकू," मी म्हटलं. "ती म्हणाली, लेकरं कुणावर टाकून येऊ?"

काकूंचा चेहरा हळूहळू असा उजळला की तसा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. त्यांनी माझा हात घट्ट दाबला.

"नाही आली," त्या म्हणाल्या. "लय चांगलं केलं पोरीनं."

गाडी सुटली. प्लॅटफॉर्म संपेपर्यंत त्या दारातच उभ्या होत्या, आणि हसत होत्या.