डाव्या सीटवरचे बाबा

गाड्यांच्या वायरी मला पाहून आपोआप सरळ होतात, अशी माझी ख्याती. निदान मी तरी तशी पसरवली होती. म्हणूनच हिंगणीच्या त्या दाणेवाल्या दुकानदारानं मला बोलावलं.

त्याच्या गाडीची डावी सीट रिकामी असली तरी पट्टा लावा म्हणून घंटी वाजायची. आणि केळझरच्या वळणावर डावी काच आपसूक खाली जायची. त्याचे वडील त्याच सीटवर बसायचे, पट्टा कधी लावायचे नाहीत, आणि केळझरच्या गणपतीला हात जोडायला त्याच वळणावर काच उतरवायचे. ते जाऊन वर्ष होत आलेलं. बायको म्हणे गाडी विका. आई म्हणे, विकशील तर मलाही विक.

"बिघाड आहे का बाबा आहेत, एवढं सांगा भाऊ," तो म्हणाला. "मंग विकाची का ठेवाची, ते पाहतो."

भर दुपार. अशी शांतता की बोरच्या जंगलात वाघानं जांभई दिली तर ऐकू यावी. मी तर ऐकली. गाडीला बिघाड विचारायचा स्कॅनर लावला, काहीच उत्तर येईना. गाडीत इंजिनाचा, ब्रेकचा, काचांचा असे छोट्या कॉम्प्युटरचे कितीतरी डबे असतात आणि सगळे दोनच वायरींवर एकमेकांशी बोलतात. एक बरळू लागला की बाकीच्यांचं कोणी ऐकत नाही. म्हणून एकेकाचा प्लग काढायचा. ज्याचा काढल्यावर बाकीचे बोलतात, तो चोर.

काढत गेलो. मीटरचे काटे थरथरत होते, घंटी थांबत नव्हती. आम्ही दोघंही बाहेर, आणि डाव्या सीटवर कोणी बसल्यासारखा खळगा. त्याचं कुत्रं अंगणाच्या फाटकाच्या आत येईना. डाव्या सीटच्या पायाशी असलेल्या काचांच्या डब्याचा प्लग सुटला आणि घंटी बोलता बोलता गळा दाबावा तशी तुटली.

प्लगमध्ये हिरवा गंज, त्यात कुंकू. दसऱ्याच्या पूजेला आईनं विचारलं होतं, गाडीचं डोकं कुठं? यानं पत्रा काढून हाच डबा दाखवला. मग नारळाचं पाणी थेट डोक्यावर.

पिना घासून डबा जोडला. गाडी गप्प. घंटी आणि काच, दोन्ही त्या नारळाच्या पाण्याचे खेळ, असं सांगितलं, तर तो हसला नाही.

"म्हंजे बाबा नव्हते."

खात्रीसाठी केळझरपर्यंत निघालो. मला त्यानं मागं बसवलं. वळण आलं, काच हलली नाही. त्यानं वेग कमी केला, स्वतःच बटण दाबून डावी काच उतरवली आणि समोर पाहतच म्हणाला, "बाबा, केळझर आलं."

घंटी वाजली. एकदाच.

त्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं. स्कॅनर मांडीवरच होता. मी तो पिशवीत घातला.

"विकत नाई," तो म्हणाला.

हिंगणी येईपर्यंत मी मागच्या सीटवर पट्टा लावून, पाय जवळ घेऊन बसलो होतो.