घट्टूमामा आणि अठरावा बोल्ट

घट्टूमामांचं खरं नाव गॅरेजवर कुणालाच आठवत नव्हतं. त्यांनी आवळलेला नट पुन्हा उघडायला दोन माणसं आणि एक लांबलचक पाइप लागायचा. मामांना त्याचा कोण अभिमान!

अशा मामांकडे त्यांच्या सासूबाईंनी आपली ऑटोमॅटिक गाडी गिअरबॉक्सच्या सर्व्हिसिंगला दिली. सासूबाई भूमितीच्या निवृत्त शिक्षिका. मामांनी जुनं तेल काढलं, फिल्टर बदलला, गळती रोखणारं नवं गॅस्केट लावून खालचं तेलाचं चेंबर बसवलं आणि एका कडेने बोल्ट असे पिळत गेले, की गॅस्केट चारी बाजूंनी जीभ काढून बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या अंगणातल्या पांढऱ्याशुभ्र फरशीवर लाल तेलाचं तळं!

"गळतंय म्हणजे सैल राहिलंय," म्हणत मामा तिथेच गाडीखाली शिरले आणि दातओठ खाऊन पान्याला लोंबकळले. कट्! बोल्टचं डोकंच तुटून हातात आलं. तेवढ्यात सासूबाई डोकावल्या. घाबरून मामांनी ते डोकं तोंडात टाकलं.

"जावईबापू, बोल्ट किती असतात?"

मामांनी आधी दहा बोटं दाखवली, मग आठ.

सासूबाईंनी चष्मा सरसावून मोजले. "मला सतराच दिसतायत."

"हूं," मामा म्हणाले.

"तोंड उघडा."

मामांनी मुकाट्याने उघडलं.

मग सासूबाईंनी गाडीचं जाडजूड पुस्तक आणलं. "हे बघा. बोल्ट आवळायचा जोर, दहा न्यूटन-मीटर."

"हा न्यूटन कोण? कुठल्या गॅरेजला असतो?"

सासूबाईंनी डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला आणि त्या तडक बाजारात गेल्या. येताना टॉर्क रेंच घेऊन आल्या. ठरावीक जोर झाला की टक् वाजणारा पाना.

दुपारभर खपून मामांनी तुटका बोल्ट काढला, नवं गॅस्केट लावलं. सगळे बोल्ट आधी नुसत्या बोटांनी बसवले. मग सासूबाई स्टुलावर बसून फर्मावू लागल्या, "मधला. आता समोरचा. आता तिरका." टक् वाजलं की थांबायचं. मामांचा जीव कासावीस झाला.

"एवढंच? अहो, याहून घट्ट तर माझी विजार असते!"

हात जरा शिवशिवला, की बोटांवर सासूबाईंची लाकडी पट्टी.

नवं तेल भरलं. सकाळी गाडीखाली अंथरलेला कागद कोरडा ठणठणीत. मामांनी तो उजेडात धरून पाहिला, हुंगूनही पाहिला. "बत्तीस वर्षं उगाच घाम गाळला गं," ते बायकोला म्हणाले आणि नाश्ता न करताच गॅरेजला गेले.

त्या दिवसापासून मामा प्रत्येक बोल्टला सासूबाईंना फोन करतात. परवा त्या भाजीबाजारात होत्या. फोन आला, पाण्याच्या पंपाच्या बोल्टला किती? त्या गर्दीत ओरडल्या, "बावीस! बावीस!"

भाजीवालीने निमूटपणे बावीस लिंबं मोजून त्यांच्या पिशवीत घातली.