उलटा गवंडी

माझ्या मामाला सगळे उलटा गवंडी म्हणतात. गवंडी भिंत खालून वर नेतो, मामा ती वरून खाली आणतो. तरुणपणी त्यानेही सरळच काम केलं. अर्ध्या शहराच्या भिंतींना त्याचा हात लागलाय असं तो स्वतःच सांगतो, आणि सांगताना अजिबात लाजत नाही. विनय नावाचा गुण वाटला जात होता तेव्हा मामा बहुधा रांगेत भांडत होता. आता तो घरं सोडवतो. 'पाडतो' म्हटलेलं त्याला खपत नाही. "पाडायला काय लागतं? माकडसुद्धा पाडतं," असं म्हणून तो समोरच्याला गप्प करतो.

सोडवणं बघण्यासारखं असतं. आधी दारं-खिडक्या चौकटीसकट बाहेर येतात. मग छताचे पत्रे, वायरी, नळ, फरशा. गिलावा खरवडून त्याचा वेगळा ढीग होतो. शेवटी भिंत, सगळ्यात वरच्या थरापासून, एकेक वीट. विटेला चिकटलेला सिमेंट-वाळूचा जुना माल मामा थापीच्या कडेने उडवतो आणि वीट दुसऱ्या विटेवर आपटून वाजवतो. खणखणीत वाजली तर थप्पीवर, बसका आवाज आला तर तुकड्यांच्या ढिगात. ते तुकडेही कुणाच्या तरी जमिनीखाली भर म्हणून जातात. "घर उतरवल्याने कचरा होत नाही, घाईने होतो," हे त्याचं आवडतं वाक्य. माणूस लग्नाच्या जेवणाला बसलेला असो की दवाखान्यात, मामा हे वाक्य ऐकवल्याशिवाय सोडत नाही.

घरी मात्र त्याचं काही चालत नाही. निघालेली दारं विकली जाईपर्यंत त्याच्याच घरी येऊन पडतात. "आमच्याकडे दारं जास्त आणि खोल्या कमी," मामी म्हणते. एकदा तिने रागाने दार आपटलं, तर ते नुसतंच भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. ते आडवं झालं आणि मामी आणखीच चिडली.

तो असा उलटा का झाला, याचंही कारण आहे. त्याने बांधलेली एक इमारत यंत्राने एका दिवसात जमीनदोस्त केली आणि सगळा राडारोडा वस्तीमागच्या नाल्यात लोटून दिला. पावसाळ्यात नाला तुंबला आणि पाणी लोकांच्या घरात शिरलं. मामा इतरांबरोबर गाळ उपसायला गेला, तेव्हा त्याच्या फावड्याला निळ्या फरशीचा तुकडा लागला. न्हाणीघरातली ती फरशी त्यानेच बसवली होती, रेषेला रेषा जुळवून. "माझ्या हातचं काम लोक चिखल म्हणून फेकत होते गं," एवढंच तो मला म्हणाला होता. एरवी अखंड बोलणारा माणूस त्या गोष्टीवर जास्त बोलत नाही. तेव्हापासून त्याने सोडवलेल्या एकाही घराचं घमेलंभर मातेरं नाल्यात गेलेलं नाही.

आणि मग आमच्याच घराची पाळी आली. रस्ता रुंद होणार होता, आमच्या दोन्ही खोल्या त्यात जात होत्या, मागचं परस तेवढं उरत होतं. हे घर मामानेच बांधलेलं, आईचं लग्न झाल्यावर. विटा माझ्या वडिलांनी हातगाडीवरून आणल्या होत्या, भिंतींना सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं होतं. वडील जाऊन आता बराच काळ झाला. आई घर सोडायला तयारच होईना. नगरपालिकेचा माणूस आला की ती आतून कडी लावून घ्यायची. शेवटी मामा मध्ये पडला.

"ताई, ऐक माझं. ह्याच विटांचं घर मागे उभं करतो. एकसुद्धा नवी वीट आणणार नाही."

"शब्द दे."

"दिला."

आईने कडी काढली. तिच्यासाठी ते घर म्हणजे माझ्या वडिलांचे हात होते, हे मामाला ठाऊक होतं. म्हणूनच त्याने शब्द दिला आणि म्हणूनच तो पाळणं भाग होतं.

दारं निघाली, पत्रे निघाले, सगळं सुरळीत. मग मामा भिंतीवर चढला, वरच्या थरात दोन विटांमधल्या दरजेत छिन्नी धरली आणि हातोडा मारला. वीट मधोमध तुटली. दुसरी तुटली. तिसरीची नुसती कपची उडाली. माल जागचा हलला नाही, त्याआधी वीटच फुटत होती. मामाने बाजू बदलली, छिन्नी बदलली, पाणी ओतून बघितलं, भिंतीला दोन शिव्याही घातल्या. दुपारपर्यंत खाली तुकड्यांचा खच पडला होता आणि थप्पीवर एकही धड वीट नव्हती.

परक्याचं घर असतं तर मामाने हो म्हणायच्या आधी एक वीट काढून बघितली असती. त्याचा तो नेमच आहे. इथे मात्र भिंत स्वतःची, म्हणून तिला न विचारताच तो शब्द देऊन बसला.

मी पाणी घेऊन गेले तेव्हा तो तुकड्यांवर बसला होता. "घर बांधलं तेव्हा मला फार गुर्मी चढली होती," तो म्हणाला. "बहिणीचं घर, मग ते हत्तीने धडक दिली तरी हलता कामा नये. दुसऱ्यांकडे घालायचो त्याच्या दुप्पट सिमेंट घातलं मालात. वीट मऊ, माल दगड. आता कशी सुटणार ती?"

आई मागे येऊन उभी होती, हे आम्हा दोघांना कळलंच नाही. तिने खाली वाकून एक तुकडा उचलला, उलटसुलट बघितला आणि ओंजळीत धरून ठेवला.

"शब्द दिला होतास तू," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मामाने मान खाली घातली. मला त्या क्षणी त्याची इतकी दया आली की रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी मामा गायब. मामी म्हणाली, "गेला असेल तोंड लपवून." पण तोंड लपवणं त्याच्या रक्तातच नाही. तो शहराबाहेर राडारोडा दळायच्या कारखान्यात गेला होता. तिथे तुटलेल्या भिंती दळून त्यांची खडी आणि भुगा करतात, आणि त्यापासून ठोकळे पाडतात. अडचण एकच होती. तिथे सगळ्या शहराचा राडारोडा एकत्र पडतो, त्यामुळे आपलं दिलं तरी आपलंच परत मिळेल याचा भरवसा नाही.

तिथल्या व्यवस्थापक बाई मला नंतर हसत हसत सांगत होत्या, "तुमचे मामा म्हणाले, माझ्या बहिणीचा माल वेगळा दळा. मी म्हटलं, अहो, विटांचा भुगा सगळ्यांचा सारखाच. तर म्हणाले, मॅडम, गिरणीत गेल्यावर तुम्ही शेजारणीचं पीठ घेऊन घरी येता का?"

मला वाटतं, त्यांना ते पटलं. त्यांनी सकाळी पहिला घाणा आम्हाला दिला, यंत्र आधी झाडून घेऊन. मामाने आमच्या भिंतीचा गिलावा, काच, लाकडाची ढलपी असं सगळं निवडून काढलं होतं. तुकड्यांची गाडी रिकामी झाली तेव्हा तो यंत्राच्या पट्ट्याशेजारी उभा राहिला, आणि दुसऱ्याचा एक खडाही आत येऊ नये म्हणून कामगारांवर इतका ओरडला की त्यांनी त्याला चहा पाजून बाहेर बसवलं. तरी तो खिडकीतून डोकावत राहिला. संध्याकाळी लालसर ठोकळ्यांची पहिली रांग वाळत पडली होती. इतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही आणि त्याची भाची असल्याचा मला अभिमान वाटतो, हे इथे सरळ लिहून टाकते.

ठोकळे पक्के झाले आणि परसात भिंती चढू लागल्या. आई रोज येऊन उभी राहायची, बोलायची मात्र नाही. विटा म्हणजे विटा, ठोकळे म्हणजे ठोकळे, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं. भिंत कमरेएवढी झाली त्या दिवशी तिने किल्लीने एक दरज खरवडली. माल भुरभुर खाली आला.

"हे काय? कच्चा माल घालतोयस माझ्या घराला?"

"कच्चा नाही. चुना जास्त आहे, सिमेंट कमी. मुद्दाम."

"तेव्हा दुप्पट घातलंस, आणि आता हात आखडता? आता बहीण म्हातारी झाली म्हणून?"

मामा भिंतीवरून खाली उतरला. हात पुसले.

"ताई, भिंत पडायची नाही. वजन हे ठोकळे पेलतात, माल त्यांना नुसता जागेवर धरतो. तुझी नातवंडं इथे म्हातारी होतील. पण कधीतरी हेही घर उतरवावं लागेल. तेव्हा मी नसेन, तूही नसशील. जो कुणी वर चढेल, त्याच्या हातात हा ठोकळा अख्खा यायला हवा. त्या दिवशी माझ्या हातात वीट तुटकीच आली ना. दाजींनी गाडीवरून आणलेली प्रत्येक वीट मी माझ्या हाताने फोडली, ताई. परत तसं कुणालाही करावं लागू नये."

आई भिंतीजवळ गेली. तिने एका ठोकळ्यावर तळवा ठेवला आणि तो तसाच फिरवला, पाणी मारून झाल्यावर वडील फिरवत असत असं ती सांगायची, अगदी तसा. मग तिने बाह्या सरसावल्या, कालवलेल्या मालाचं घमेलं दोन्ही हातांनी उचललं आणि भावापुढे धरलं.

"चढ वर," ती म्हणाली. "माल वाळतोय."