सुंद्री कुणाकडं बघते

मी माझ्या थोरल्या भावाला फसवलं. त्यानं मला नाही, मी त्याला. आजवर मी उलटंच सांगत आलो. बाजारात, पाहुण्यारावळ्यांत, लग्नाच्या पंगतीत... दादा मला अर्ध्यावर सोडून गावाकडं गेला आणि धंदा मी एकट्यानं उभा केला, असं. खरं काय ते बायकोलासुद्धा ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून असेल.

कोल्हापुरात माझं दुधाचं दुकान आहे. दही, खवा, बासुंदी, तूप, सगळं म्हशीचं. भाव करण्यात मला आजवर कुणी नमवलेलं नाही, आणि माझा आवाज चढला की समोरच्याचा आपोआप उतरतो. हे मी कौतुकानं सांगत नाही, पुढचं कळावं म्हणून सांगतो.

दुकानात शिरलात की समोर भिंतभर फोटो आहे. त्यात सुंद्री, आमची पंढरपुरी म्हैस. तलवारीसारखी लांब शिंगं, अंगावर भादरून काढलेली नक्षी, कपाळावर मोरपिसं. शेजारी फेटा बांधलेला मी. तिच्या गळ्यात दावं नाही. मान वर करून ती डावीकडं कुठंतरी बघते आहे, आणि त्या बघण्यावर लोक फिदा आहेत. एक बाई दही घ्यायला यायची, ती म्हणायची, "मालक, हिच्या डोळ्यांत माया हाय बघा." मी सुटे पैसे मोजत बसायचो.

आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवून रस्त्यावर आणतात. मालक पुढं मोटारसायकलवर, सायलेन्सर काढून फडफडाट करत, आणि म्हैस नुसत्या त्याच्या हाकेवर मागं पळते. दावं नसणं हीच सगळी शान. दाव्यानं ओढत आणलेल्या म्हशीकडं कोण बघतं?

तो फोटो वहिनीनं काढला होता. नवाकोरा फोन, पहिलाच फोटो. तिरका आला. कोपऱ्यात तिचं बोट आलं, मागं पाण्याचं निळं बॅरल, त्यावर वाळत टाकलेला टॉवेल. उजेड सगळा आभाळात, माझं तोंड काळं. असला फोटो कुणी भिंतीवर लावेल का? मी सुधारला. सरळ केला, उजेड वाढवला, बोट काढलं, बॅरल काढलं. चांगलाच झाला. यात चूक काय?

असं मी स्वतःला कैक वर्षं सांगितलं. बोट काढलं, बॅरल काढलं. एवढंच सांगून थांबायचो.

थांबतो तिथंच सगळं आहे.

सुंद्री मी घेतली, घासाघीस करून घेतली, माझ्या पैशानं. पण ती रेडकू असल्यापासून तिला दादानं वाढवलं. तिचं वैरणपाणी त्याच्याकडं, धार त्याच्याकडं, नदीवर धुणं त्याच्याकडं. पाडव्याच्या आधी तो दिवसभर तिच्यापाशी उकिडवा बसून नक्षी काढायचा आणि तिच्याशी बोलायचा. काय बोलायचा कुणास ठाऊक. मी विचारलं तर हसायचा. त्याची हाक मात्र अजून माझ्या कानात आहे. "येऽऽ सुंद्रेऽऽ", शेवटाला जरा वर चढवून, लाडानं. मी तशी हाक मारून बघितली आहे, गोठ्यात कुणी नसताना. येत नाही ती मला.

त्या पाडव्याला मी गाडी काढली, फेटा बांधला, हाक मारली. सुंद्री जागची हलली नाही. पुन्हा मारली. रस्त्यावर ही गर्दी. फटाके वाजत होते, ती बुजेल म्हणून दादानं दावं लावलं आणि ते सैल हातात धरून पुढं चालायला लागला. तशी ही निघाली की त्याच्या मागून, लेकरासारखी! गर्दीतला एकजण मोठ्यानं ओरडला, "पावणं, म्हस तुमची का त्येंची?" सगळे हसले. दादाही हसला. तो मला हसला नव्हता, हे मला आज कळतं. तेव्हा माझं डोकं फिरलं.

वहिनीनं फोटो काढला तो त्यानंतर लगेच. उजवीकडं मी, मधे सुंद्री, डावीकडं दादा. हातात दावं, तोंड उघडं, तिला हाक मारतोय. ती त्याच्याकडं बघते आहे. वहिनीनं तो मला पाठवला. संध्याकाळी गोठ्यात बसून मी माझा फोन हातात घेतला, फोटोच्या डाव्या कडेला बोट लावलं आणि आत सरकवलं. पहिल्यांदा त्याची बाही गेली. मग खांदा. मग हाक मारणारं तोंड. बॅरल उजवीकडं होतं, माझ्या मागं. दादाला कापायचं काही कारणच नव्हतं, आता खरं ते सांगतो. तो दिसू नये, म्हणून कापला.

फ्लेक्सवाल्याकडं गेलो तर तो म्हणाला, "मालक, ह्यो दाव्याचा तुकडा हवेतच लोंबकळतोय की. कुणाच्या हातात हाय ह्यो?"

मी म्हटलं, "पुसून टाक."

त्यानं पुसलं. म्हैस बिनदाव्याची झाली आणि मी बिनभावाचा.

दुकान उघडलं त्या दिवशी दादा नवीन शर्ट घालून आला. भिंतीपुढं उभा राहिला, बराच वेळ. मी भांडणाच्या तयारीत. काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलेलं, म्हैस कुणाच्या पैशाची, दुकान कुणाच्या नावावर. तो म्हणाला, "झ्याक आलाय की. शिंगं लई देखणी दिसत्यात." आणि पेढ्यांची खोकी आत ठेवायला लागला.

थोड्या दिवसांनी म्हणाला, शिरोळकडं सासऱ्यांचं रान बघायला माणूस नाही, आम्ही तिकडं राहतो. गेले दोघं. एक शब्द बोलला नाही. त्याचाच मला राग आहे, अजून आहे. का नाही बोललास? शिवी द्यायची होतीस. गल्ल्यावर हात आपटायचा होतास. भांडलेल्या माणसाशी तोडपाणी करता येतं. हसून निघून गेलेल्याशी काय करायचं?

मग पूर आला. त्यांच्या घरात कृष्णेचं पाणी शिरलं, वहिनीचा फोन गेला, सगळंच गेलं. पुढं दादा काविळीनं गेला. भिंतीवर लावायला त्याचा फोटो नव्हता. शेवटी आधार कार्डावरचा मोठा केला. भेदरलेला, सुजलेला, कुणा भलत्याच माणसाचा वाटावा असा. वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, त्यो पाडव्याचा असंल की तुमच्याकडं? आख्खा?"

आख्खा म्हणाली ती.

मी म्हटलं, "न्हाय वहिनी. माझाबी फोन पुरातच गेला."

पुरात गेलं म्हटलं की आमच्याकडं कुणी पुढं विचारत नाही. आणि आख्खा फोटो माझ्या खिशातल्या फोनमध्ये होता. मी तो कधीच पुसला नव्हता. कधीकधी दुकान रिकामं असलं की उघडून बघायचो. दादाचं तोंड उघडं आहे, आवाज येईल असं वाटतं. येत नाही.

गेल्या महिन्यात शिरोळला गेलो. का गेलो ते नीट सांगता यायचं नाही. दुकानातल्या म्हशीकडं बघवेना, एवढं खरं. वहिनी सोप्यात शेंगा फोडत बसली होती. मी फोन तिच्या हातात दिला. तिनं पदराला हात पुसले, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, दादाच्या तोंडापर्यंत. मी आणि सुंद्री चौकटीबाहेर गेलो. ती बघत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "पुरात गेलता न्हवं?"

मी समोरची एक शेंग उचलून फोडली.

"दुकानातला तसाच हाय?"

"हाय."

तिनं फोन माझ्या हातात परत दिला. "मग मला कशापायी दाखवायला आलाय? मी बघितलंय की त्यास्नी, आख्खं. ज्यांनी न्हाय बघितलं, त्यास्नी दाखवा. कोण हुतं त्या टोकाला, ते तुमच्या तोंडानं सांगा. मग या माझ्या दारात."

चहासुद्धा विचारला नाही.

फोटो अजून भिंतीवर आहे. मी त्याच्यासमोर गल्ल्यावर बसतो.