मुराळी विमानाने गेला

सुकदेवभाऊंनी सगळी नोकरी जळगावच्या बस स्टँडवर धुळ्याच्या गाड्या सोडण्यात घातली. एरंडोल, पारोळा, धुळे हे माइकवर इतक्या वेळा म्हणाले, की घरात जेवायला हाक आली तरी त्याच सुरात ओ देत.

धुळ्याला त्यांची थोरली बहीण, वच्छलाअक्का. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भावानं मुराळी होऊन जायचं आणि बहिणीला माहेरी आणायचं, ही खानदेशातली रीत. मुराळी दारात आल्याशिवाय बाई निघत नाही, मग ती सत्तरीची का असेना.

यंदा नेमकं आखाजीच्या तोंडावर पुण्याच्या मुलानं, हितेंद्रनं, विमानाचं तिकीट पाठवलं. चारशे किलोमीटर, आणि म्हणे तासाभरात पुणं. भाऊंचा जीव त्या तिकिटात अडकला. अक्काला खरं सांगायला मात्र जीभ रेटेना. शेवटी फोनवर म्हणाले, गुडघा धरलाय, धुळ्यापर्यंतचा प्रवास झेपायचा नाही. धुळं ते काय, नव्वद किलोमीटर! ज्यानं जन्मभर लोकांना त्या गाडीत बसवलं, त्यानंच हे सांगावं! भाऊंना लाज वाटली. पण विमानात खिडकी मिळाली आणि लाज खाली धावपट्टीवरच राहिली.

आठवड्यानं परतले, तेव्हा शेजारच्या कुंदाबाईंनी घराच्या किल्लीबरोबर एक बाटली हातात दिली. निर्गुडीच्या तेलाची. आखाजीला अक्का येऊन गेली होती. एकटी, मुराळ्याशिवाय. भावाचा गुडघा धरला म्हणून रीत गुंडाळून ठेवून एसटीत बसली होती. कुलूप पाहून घाबरली, भावाला दवाखान्यात नेलं की काय! कुंदाबाईंनी भाबडेपणानं धीर दिला, की भाऊ ठणठणीत आहेत, विमानानं पुण्याला गेलेत. अक्का ओट्यावर बसून पाणी प्याली, बाटली ठेवली आणि परतीची गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी भाऊ धुळ्याच्या गाडीत बसले. जागा मिळाली ती चाकावरची. पारोळा येईपर्यंत पाय आखडला आणि धुळ्याला उतरताना गुडघ्यानं खरोखरच दगा दिला. आता आली का पंचाईत? लंगडत गेलं तर अक्का म्हणणार, नाटक करतोय. भाऊ दात आवळून, पोलीस भरतीला निघाल्यासारखे ताठ चालत दारात गेले.

अक्कानं तोंडाकडे न बघता आधी पायाकडे पाहिलं.

"गुडघा दुखस ना रे?"

"नाही अक्का. अजिबात नाही."

"अजून खोटंच बोलस तू." तिनं पाट सरकवला. "बस. तेल आणं का?"

भाऊंनी पिशवीतून बाटली काढली. अक्का गुडघ्याला तेल चोळू लागली. रागवेल, बोलेल, म्हणून भाऊ वाट बघत होते. ती रागावली असती तर फार बरं झालं असतं.

चोळता चोळता तिनं विचारलं, "काय रे भाऊ, इमानमातून मन्हं धुये दिसनं का?"

विमानातून धुळं दिसलं, असं म्हणणं सोपं होतं. अक्काला बरंही वाटलं असतं. भाऊंच्या ओठावर 'हो' आलंही होतं.

"मी बघितलंच नाही, अक्का," ते म्हणाले.

अक्कानं मान हलवली आणि दुसरा गुडघा पुढे करायला सांगितलं. तो दुखत नव्हता, तरी भाऊंनी मुकाट्यानं पुढे केला.