चार बोटं माया

साव्हेता माझी वहिनी. थोरला भाऊ तोआदेर, त्याची बायको. तिचं घर रस्त्याच्या पलीकडे, माझं अलीकडे. मध्ये पाण्याची चारी आणि चारीवर टाकलेली एक फळी. त्या फळीवरून तिची दोन्ही मुलं माझ्याकडे आली आणि वाढली.

ती इटलीला गेली तेव्हा रोदिका दुसरीत होती आणि सिल्वियुची शाळा सुरूच व्हायची होती. "वर्षभर जाऊन येते," म्हणाली. आमच्या गावातल्या सगळ्याच बायका वर्षभरासाठी गेल्या. तोआदेर पहाटे लाकडाच्या वखारीत जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. मला मूलबाळ नाही. मुलांचं खाणंपिणं, उवा, ताप, शाळेतल्या बाईंची बोलणी, सगळं माझ्या घरी झालं. त्यात मी काही विशेष केलं असं नाही. दुसरं कोण करणार होतं?

तिकडे क्रेमोनात वहिनी पिएरीना नावाच्या एका म्हातारीची सेवा करायची. ही पिएरीना तरुणपणी नवऱ्यामुलींचे झगे शिवायची. आता हात कापायचे, पण डोळा तिखट होता. दुपारी ती खुर्चीत बसायची, वहिनीला मशीनवर बसवायची आणि एक शिवण धड झाली नाही की म्हणायची, उसव. वहिनी सांगायची, त्यांच्या भाषेतला मी पहिला शब्द शिकले तो 'उसव'. वहिनीला आधी गुंडीसुद्धा लावता येत नव्हती. तीन-चार वर्षांत ती असं शिवायला लागली, की कापड उलटं करून बघितलं तरी उलटी बाजू कुठली ते कळू नये.

मग इटलीला ये-जा करणाऱ्या गाडीतून गाठोडी यायला लागली. फ्रॉक, झोपायचे कपडे, उशांचे अभ्रे, सिल्वियुसाठी खिशावर घोडा काढलेला सदरा. मी लोकरीच्या धाग्याने मुलांची मापं घ्यायची, उंचीची एक गाठ, छातीची एक, आणि तो धागा ड्रायव्हरकडे द्यायची. धागा जाऊन कपडा येईपर्यंत पोरं वाढलेली असायची. म्हणून ती घेरात चार बोटं माया सोडायची, जादा कापड आत दुमडून. दर शरद ऋतूत मी ती उसवायची आणि फ्रॉक खाली घ्यायची. जुन्या मुडपीची फिकी रेघ तेवढी दिसत राहायची. रोदिका कुरकुर न करता घालायची. एकदाच म्हणाली, "आत्या, याला आईचा नाही, गाडीचा वास येतो."

तिच्या पैशांतून तोआदेरने दुमजली घर बांधलं. वर चार खोल्या, चकचकीत कठड्याची गॅलरी. घराला रंग दिला आणि त्याच हिवाळ्यात तो वखारीत छातीला हात लावून बसला, तो उठलाच नाही. वहिनी अंत्यविधीला आली आणि लगेच परत गेली, कारण पिएरीनाला बिछान्यावरून उचलायला दुसरं कुणी नव्हतं. गाव पुष्कळ बोललं. पुढे रोदिका आयर्लंडला गेली, सिल्वियु जर्मनीत ट्रक चालवायला लागला. पिएरीना वारली आणि वहिनी कायमची परतली, तेव्हा घरात माणूस नव्हतं.

तिने येताना म्हातारीची पायमशीन आणली. म्हातारीच्या मुलाने दिली होती. गाडीत दोन माणसांची जागा मशीननेच घेतली म्हणून ड्रायव्हर अख्ख्या वाटेत कुरकुरला होता.

ती राहायची अंगणातल्या छोट्या स्वयंपाकखोलीत, तशा आम्ही सगळ्याच राहतो. मोठं घर पाहुण्यांसाठी. पण मशीन तिने माडीवर ठेवली आणि सकाळपासून वर टकटक सुरू झाली. पिएरीनाकडच्या रेशमाच्या, लिननच्या चिंध्यांची पोतीच्या पोती तिने आणली होती. त्यांतून तिने रोदिकाच्या खोलीसाठी गोधडी शिवली. सिल्वियुसाठी जाड लोकरी दुलई. नातीच्या, म्हणजे रोदिकाच्या नोराच्या, खोलीला बदकांचे पडदे आणि छोट्या पलंगाला झालर. नोराला तिने फोनच्या काचेतच पाहिलं होतं.

"साव्हेता, खोल्यांचं भाडं काय ठेवणारेस?" दुकानवाली रुक्सांद्रा सगळ्यांसमोर म्हणाली.

"तुला परवडायचं नाही," वहिनी म्हणाली. दुकानातल्या बायका हसल्या, वहिनीही हसली, आणि पांढऱ्या दोऱ्याची रिळं घेऊन घरी आली.

संध्याकाळी मी तिच्याकडे जाऊन बसायची. शिवता शिवता ती सहज विचारावं तसं विचारायची.

"रोदिकाला कुठला रंग आवडतो गं?"

"हिरवा."

"अजून?"

"लहानपणापासून हिरवाच."

"उशी उंच लागते का तिला?"

"उशी घेतच नाही ती. पोटावर झोपते."

त्या वेळी तिच्या मांडीवर अर्धं भरतकाम झालेला अभ्रा होता. तिने सुई त्यातच टोचली, घडी केली आणि बाजूला ठेवला. मग म्हणाली, "सिल्वियु?" मी सांगितलं, त्याला दोन लागतात. ती म्हणाली, "बरं झालं, म्हणजे हा वाया नाही जायचा." मी चहाचं निमित्त करून उठले. आईने आपल्या लेकरांची माहिती शेजारच्या घरातून गोळा करावी, आणि ती देणारी मी असावी, हे मला जड जायचं. पण खोटं तरी काय सांगणार?

ऑगस्टमध्ये रोदिका आली, नोराला घेऊन. वहिनीने भिंती पुसल्या, कोबीची पानं भरली, मुश्काताच्या लाल फुलांच्या कुंड्या पायऱ्यांवर मांडल्या. रोदिका खोली बघून थबकली. गोधडीवरून हात फिरवून म्हणाली, "आई, हे सगळं तू शिवलंस? केवढी मेहनत." अगदी मनापासून म्हणाली. पण कुणा परक्या बाईच्या घरी म्हणावं तसं म्हणाली. नोरा आजीला बुजत होती. आजीची भाषा तिला चार शब्दांपलीकडे येत नव्हती, आणि वहिनी मध्येच इटालियनमध्ये बोलून जायची.

पहिली रात्र त्या तिथे झोपल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी रोदिका माझ्याकडे मामालिगा, आमची मक्याच्या पिठाची उकड, खायला आली, पातेल्यातूनच खाल्लं, आणि माझ्या मागच्या खोलीतल्या जुन्या कॉटवर आडवी झाली ती संध्याकाळपर्यंत. उठली आणि म्हणाली, "आत्या, मी इथेच झोपू?"

"तिकडे आईने एवढं मांडून ठेवलंय."

"मला माहितेय. पण तिथे झोप लागत नाही. सगळं इतकं नीट आहे की पाय कुठे ठेवावा कळत नाही."

"तिला काय सांगणार?"

"नोराला तुझ्या मांजरीबरोबर झोपायचंय म्हणून सांगते."

तिने तसंच सांगितलं. वहिनी म्हणाली, "हो हो, पोरीची जात, मांजर आवडणारच." मी फळीवर उभी होते. कुठे बघावं मला कळेना.

सकाळी मी शेळीचं दूध काढून आले तर वहिनी दारात. हातात ती गोधडी, घडी करून, छातीशी धरलेली.

"तुझ्या मागच्या खोलीत पहाटे गारवा शिरतो," ती म्हणाली. "पोरीला पांघरायला असू दे."

"वहिनी, आत ये. दोघी झोपल्यात अजून."

ती आत आली. कॉटवर रोदिका पोटावर झोपली होती, एक हात खाली लोंबत होता. तिच्या कुशीत नोरा, पायाशी मांजर. वहिनीने गोधडी उलगडली आणि दोघींवर घातली. पायाकडून कमी पडत होती तिथे खाली ओढली. रोदिका हलली, डोळे न उघडताच म्हणाली, "आत्या, राहू दे ना." वहिनी मागे सरली. माझ्याकडे बघून तिने ओठांवर बोट ठेवलं आणि फळीवरून परत गेली.

पुढचे सगळे दिवस ती रोज यायची, जेवायला बसायची, नोराला फ्रॉक घालून बघायची. फ्रॉक बरोबर बसला. सगळे बरे वागले, कुणी भांडलं नाही. जाताना गोधडी विमानात जड होईल म्हणून राहिली. मी ती परत द्यायला गेले.

"तुझ्याकडेच ठेव," वहिनी म्हणाली. "आल्या की तिकडेच झोपतील ना त्या."

"वहिनी, मी काही..."

"अगं, तुला बोलत नाहीये. तू नसतीस तर त्या कुठेच झोपल्या नसत्या."

मग माडीवरची टकटक बंद झाली. मी विचारलं तर म्हणायची, डोळे दुखतात. नोव्हेंबरात तिने सांगितलं, क्रेमोनाहून फोन आला होता. पिएरीनाच्या मुलाच्या ओळखीत एक म्हातारी आहे, पाय मोडून पडली आहे, आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला हाकलून देते.

"या वयात?" मी म्हटलं. "तुलाच कुणीतरी सांभाळायची वेळ आलीय."

"सांभाळेन गं स्वतःला. इथे बसून मी काय करू, सांग. सगळे पडदे झाले."

इथे मी आहे, असं म्हणता आलं असतं. पण तिची लेकरं जिच्याकडे झोपायला येतात ती बाई मीच होते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

गाडी आली त्या दिवशी बर्फ भुरभुरत होता. मशीन तिने नेली नाही. किल्ल्या माझ्या हातात देऊन एवढंच म्हणाली, "रविवारी खिडक्या उघडत जा. कापडाला कोंदट वास लागतो."

मी उघडते. डांबराच्या गोळ्या बदलते, उंदरांसाठी सापळा लावते.

पुढल्या उन्हाळ्यात रोदिका पुन्हा आली, सरळ माझ्याकडेच उतरली. वहिनीने तेव्हाच सुट्टी मागितली होती, पण तिकडच्या म्हातारीजवळ राहायला कुणी मिळालं नाही. वहिनी सप्टेंबरात आली, आठवडाभरासाठी. आम्ही दोघींनी आलूबुखारांचा मुरंबा केला. ती माडीवर गेली नाही.

मुरंबा ढवळताना मी विचारलं, "कशी आहे गं ही नवी म्हातारी?"

"खाष्ट," ती म्हणाली. "भात कच्चा म्हणते, पाणी थंड म्हणते. दिवसभर भांडते माझ्याशी." मग कढईच्या कडेला लागलेलं खरवडत म्हणाली, "पण काल तिच्या सुनेचा फोन होता. मी इथे आल्यापासून ती सारखी हाका मारतेय म्हणे. समोर कुणीही असलं तरी नाव माझंच घेते."