न न्हालेली बाळंतीण

चौसष्ट सालची गोष्ट. पालघरच्या बाजारात दात बसवणाऱ्या चिनी डॉक्टरांची बायको, सिउलान, आमच्या शेजारी राहायची. पहिलटकरीण. तिची आई कलकत्त्याला, पण बासष्टच्या लढाईनंतर चिनी माणसाला परवान्याशिवाय गाव सोडता येत नव्हतं, आणि आईचा परवाना काही आला नाही.

पाचव्या दिवशी मी बाळ बघायला गेले, तर बाईच्या केसांना पाणी लागलेलं नाही. खिडक्या बंद, खोलीभर आल्याचा वास, आणि ही मुलाला छातीशी धरून कुठंतरी लांब बघतेय. काय ही घाण, असं मी मनात म्हटलं. आज स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. मोडक्या हिंदीत तिनं सांगितलं, त्यांच्यात बाळंतीण महिनाभर न्हात नाही, हाडांत वारा शिरतो. आईनं पत्रात तसं बजावलं होतं.

खरी काळजी निराळीच होती. तिला दूध उतरत नव्हतं. वरचं दूध मुलगा ओकून टाकायचा आणि रडून रडून निपचित पडायचा. तिला हवी होती कच्ची पपई, माशाच्या कढणात शिजवलेली. मी कानांवर हात ठेवले. पपईचं नाव बायकांच्या दुखण्यात आमच्याकडे कुणी काढत नसे.

सातपाटीची लाडकी आमच्याकडे मासळी घालायची. सहा मुलांची आई. तिला सिउलानच्या खोलीत नेऊन विचारलं, तर टोपली उतरवून ती सिउलानकडे बघत बसली.

"नाय न्हात तं नाय. तिची रीत हाय ती," ती म्हणाली. "पपई पोटुशीला नको, ही तं मोकळी झाली. पन मासा मुशीचा पायजे, बाय. आमी बाळंतिणीला मुशीच घालतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुशी आणि हिरवी पपई एकाच पातेल्यात पडली. चुलीपुढं लाडकी, शेजारी सिउलान. एक पळी हलवायची, दुसरी मान. पाण्याखाली बसून बघितल्यासारखी ती दुपार मला आठवते, सगळी वाफेची, मुकी.

कढण सुरू केल्यावर चौथ्या दिवशी सिउलान जेवली आणि ताट तसंच सारून आडवी झाली, लेक माहेरी होते तशी. मी ताट उचलायला वाकले, तर लाडकीनं माझा हात दाबला. झोपलेल्या बाईचा सदरा छातीशी ओला झाला होता.

लाडकीनं तिला उठवलं नाही. मुलाला अलगद कुशीत सरकवलं. तो चुटूचुटू प्यायला लागला, आणि सिउलान झोपेतच तिच्या भाषेत कुणाला तरी हाक मारत राहिली. कुणाला, ते आम्हा दोघींना विचारावं लागलं नाही.